हुल्डाची ग्रेव्ही

कायल ओस्टबीने झाकण उचललं आणि ग्रेव्हीत डाव उभा केला. सकाळी हाच डाव तिथे कुणीही न धरता उभा राहिला होता, पहाऱ्यावरच्या शिपायासारखा. आता तो आधी किंचित कलला, मग सावकाश आडवा झाला आणि बुडाला. बुडताना त्याने आवाजही केला नाही. कायलला तेच जास्त लागलं.

जेवणाला अजून दीड-दोन तास होते. चर्चच्या तळघरात टेबलं मांडून झाली होती. हॅल्व्हर गावच्या ल्युथरन चर्चचं ऑक्टोबरमधलं जेवण म्हणजे मीटबॉल, कुस्करलेला बटाटा, कोबीची कोशिंबीर, लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, आणि शेवटी फळं भरलेला गोड ‘पाय’. हे सगळं मिनेसोटात कुणाच्याही घरी होतं. तरी लोक तीस-तीस मैल गाडी हाकत यायचे, ते ग्रेव्हीसाठी.

ही ग्रेव्ही मूळची हुल्डाची. हुल्डा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तिची मुलगी आर्लिस ती करत होती. आर्लिसची ग्रेव्ही उत्तम होती. तरीही दरवर्षी कुणीतरी म्हातारं माणूस शेवटचा घास संपवून, तोंड पुसून म्हणायचंच, "छान झालीय हो आर्लिस. हुल्डासारखी नाही, पण छान झालीय." आर्लिस हसून आभार मानायची आणि पुढच्या वर्षी काहीतरी बदलायची. कधी कांदा जास्त परतला, कधी साय वाढवली, एकदा तर हुल्डाच्या जुन्या विहिरीचं पाणी पिंपातून आणलं. लोक म्हणाले, छान झालीय, पण हुल्डासारखी नाही.

जूनमध्ये आर्लिस पायरीवरून पडली आणि तिच्या उजव्या मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. एवढ्या मोठ्या भांड्यात डाव फिरवणं संपलं. तिची एकुलती एक मुलगी ब्रेना दवाखान्यात नर्स होती आणि स्वयंपाकाच्या बाबतीत, खुद्द आईच्या शब्दांत, पाणीसुद्धा करपवायची. राहिला जावई. कायल धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचं काम करायचा आणि घरी स्वयंपाक तोच करायचा.

त्या चर्चच्या स्वयंपाकघरात आजवर पुरुष गेला होता तो फक्त नळ दुरुस्त करायला. जेवणाच्या दिवशी पुरुषांची जागा बाहेर होती. नारिंगी जाकीट घालून थंडीत उभं राहायचं आणि गाड्यांना हात दाखवायचा. जेवणाच्या समितीपुढे कायलचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी आधी कॉफी ओतून घेतली. मग कुणीतरी म्हणालं, "वेगळंच आहे हे." हॅल्व्हरमध्ये यापेक्षा कडक शब्द नाही. मार्डेल लिंडग्रेन म्हणाली की ती काही सुचवत नाहीये, नुसतं सांगतेय, पण आजकाल डब्यातली ग्रेव्ही पावडर फार सुधारली आहे, गरम पाण्यात टाकली की झालं, आणि ती कधी फाटत नाही की पातळ होत नाही. शेवटी असं ठरलं की एक वर्ष कायलने करून बघावं. बिघडली, तर पुढच्या वर्षीपासून डबे.

म्हणून पूर्ण उन्हाळा आर्लिसने जावयाला घरी शिकवलं. प्लास्टरमधला हात उंच धरून ती सूचना द्यायची, आणि रविवारमागून रविवार सगळं घर ग्रेव्ही खात राहिलं. कायलच्या पँटी घट्ट झाल्या. सप्टेंबरच्या शेवटी तिने एक चमचा चाखला, मान हलवली आणि म्हणाली, "माझ्यासारखी झाली."

आणि आज तिच्यासारखी झालेली ती ग्रेव्ही पाण्यासारखी झाली होती.

याची सुरुवात कॉफीने झाली. तळघरातल्या वायरी फार जुन्या. विजेची सगळी मोठी भांडी आणि कॉफीचा बंब एकदम चालू केले की फ्यूज उडायचा. सकाळी तो उडाला. नवा बसवल्यावर प्रश्न आला की काय बंद ठेवायचं. कॉफी बंद ठेवण्याचा विषयही निघाला नाही. ग्रेव्ही तयार होती, भांडं जाड होतं, तेव्हा कायलने तिचीच वायर काढली. ग्रेव्ही हळूहळू निवत कोमट झाली आणि तशीच राहिली, अंगाच्या उबेइतपत.

दुसरी गोष्ट चमच्यांची. शेगडीजवळ स्टीलच्या चमच्यांची एक बरणी असायची आणि तिच्यावर आर्लिसच्या हातची चिठ्ठी होती, ‘एकदा तोंडात गेलेला चमचा पुन्हा भांड्यात नाही.’ तिने तरुणपणी स्वच्छतेचा सरकारी वर्ग केला होता आणि त्यानंतर ती या बाबतीत कुणाचं ऐकत नसे. पण सकाळी टेबलं मांडताना चमचे कमी पडले आणि मुली ती बरणी घेऊन गेल्या. कायलजवळ एक लाकडी चमचा उरला.

तो दर वेळी धुवायचा त्याचा विचार होता. विचार चांगला होता.

पण ग्रेव्हीजवळून जाणाऱ्या बाईला चाखायला न देणं हे उद्धटपणाचं झालं असतं, त्यातून तो त्या खोलीतला पहिला पुरुष. आणि हॅल्व्हरमध्ये कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्यांदाच घेतलं तर हावरट, तिसऱ्यांदाही नाही घेतलं तर शिष्ट. कायल नीट वाढवलेला मुलगा होता. त्याने प्रत्येकीला तीनदा विचारलं.

"थोडी चाखून बघता?"

"नको रे बाबा, तुझ्या कामात कशाला."

"घ्या ना."

"आत्ताच केक खाल्लाय मी."

"अगदी चमच्याच्या टोकावर."

"बरं, टोकावर. पण थांब, तो धुवत नको बसूस माझ्यासाठी. एवढं काय, कालपासून राबतोयस. चालतो मला असाच."

एकीने असं म्हटल्यावर दुसरीला धुतलेला चमचा मागणं शक्यच नव्हतं. आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ नये ही त्या गावाची पहिली शिकवण, आणि देवाच्या आज्ञा त्यानंतर. दुपारपर्यंत स्वयंपाकघरातून गेलेल्या झाडून साऱ्या बायकांनी तो चमचा तोंडात घातला, ‘मस्त’ म्हटलं, पुन्हा भांड्यात बुडवला आणि ग्रेव्ही एकदा ढवळून दिली. चाखल्यावर न ढवळता जाणं बरं दिसत नाही.

डाव बुडाल्यावर कायलने जे केलं ते कुणीही शहाण्या माणसाने केलं असतं. त्याने कॉर्नफ्लोअर घेतलं, छोट्या पातेल्यात थोडी ग्रेव्ही काढून त्यात कालवलं, गॅसवर उकळलं, चिकट घट्ट लगदा झाला तसा मोठ्या भांड्यात ओतला आणि ढवळला. ग्रेव्ही दाटली. त्याने सुस्कारा सोडला, बटाट्याकडे एक चक्कर मारली आणि परत येऊन झाकण उचललं. पाणी. त्याने पुन्हा लगदा केला. पुन्हा दाटली. पुन्हा पाणी. कॉर्नफ्लोअरचा पहिला डबा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या डब्यानंतर त्याला असं वाटायला लागलं की भांड्यात कुणीतरी आहे आणि त्याला भूक लागलेली आहे.

चौथा डबा रिकामा होत असताना टोरगर्सन सर आत आले. ते गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, तळघरातले अर्धेअधिक लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. अंगात नारिंगी जाकीट होतं, मिशीवर थोडा बर्फ होता आणि गाडीच्या दाराने बोट चेमटलं होतं. त्यांना कॉफी आणि प्रथमोपचाराची पेटी हवी होती, याच क्रमाने.

"सर, एक विचारू?" कायल हळूच म्हणाला. "घट्ट केलेली वस्तू आपोआप पातळ होते का?"

सरांनी भांड्यात पाहिलं. कॉर्नफ्लोअरचे रिकामे डबे पाहिले. मग पेटीतून आयोडीनची बाटली काढली, जी चर्चच्या पास्टरबाईंच्या जन्माआधीची होती, आणि बोटाला लावायचं सोडून एक थेंब कुस्करलेल्या बटाट्यावर टाकला. बटाटा निळाकाळा पडला. दुसरा थेंब त्यांनी बशीतल्या ग्रेव्हीवर टाकला. ग्रेव्ही होती तशीच तपकिरी राहिली, फार तर जराशी लाजल्यासारखी तांबूस झाली.

"पिष्ट संपलं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. निवृत्त झाल्यापासून त्यांना असं काही कुणी दाखवलं नव्हतं. "कायल, तुझी ग्रेव्ही पचली आहे."

"कुणाला?"

"भांड्याला."

मग सरांनी कॉफी ओतून घेतली आणि समजावून सांगितलं. बटाटा, पाव, कॉर्नफ्लोअर हे सगळं आतून एकच, साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. त्या माळा एकमेकींत गुंततात म्हणून ग्रेव्ही दाट. पण आतड्याची भिंत फार कडक, ती माळ आत घेत नाही. एकेक मणी सुटा करून आणा म्हणते, तरच रक्तात सोडते. म्हणून शरीर तोंडापासूनच कापाकापी सुरू करतं. लाळेत त्यासाठी कात्र्या असतात, विकर म्हणतात त्यांना, हे आपण नववीत शिकवलं होतं. घास पोटात गेला की तिथल्या आम्लाने त्या कात्र्या मरतात. पुढे स्वादुपिंड नव्या कात्र्या धाडतं, आणि राहिलेले दोन-दोन मण्यांचे तुकडे लहान आतड्याच्या भिंतीवरच सुटे होतात.

"आणि भांड्यात?"

"भांड्यात आम्ल कुठलं? कात्र्या मरतच नाहीत. त्यातून तू त्यांना बरोबर तोंडाएवढी ऊब दिलीस आणि वर नव्या माळा आणून आणून टाकल्यास." सरांनी चौथा डबा उलटा करून पाहिला. "लोकांना आता चावायचं काम नाही. जठरापासून पुढचं बघायचं फक्त."

"पण सर, कात्र्या आल्या कुठून?"

"लाळेतून. कुणीतरी उष्टा चमचा घातला."

कायलने लाकडी चमचा पाठीमागे धरला. तेवढ्यात दारातून मार्डेल लिंडग्रेनचा आवाज आला. तिने पुन्हा एकदा सांगायला सांगितलं, कारण तिला लाळ असं काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, पण तिचं चुकतही असेल.

पाचेक मिनिटांत स्वयंपाकघरात समिती जमली, आणि मागोमाग आर्लिस आली. तिने भांड्यात बघितलं. मग बरणीची जागा बघितली. बरणी तोवर परत येऊन बसली होती, चमच्यांसकट, निरागस.

"माझ्या स्वयंपाकघरात उष्टा चमचा भांड्यात जात नाही," ती म्हणाली. "कायलला ते माहीत आहे. हो ना रे?"

"हो," कायल म्हणाला. माहीत होतंच.

"मग कुणीतरी त्याच्या पाठीमागे केलंय."

मार्डेल म्हणाली की ती कुणाचं नाव घेत नाहीये. इतर बायकाही कुणाचं नाव घेत नव्हत्या. त्या कुणाचं नाव न घेता इतक्या वेळ गप्प राहिल्या की टोरगर्सन सरांना राहवलं नाही. ते म्हणाले, शोधायचंच तर मार्ग आहे. सगळ्यांची लाळ सारखी नसते. काहींच्या लाळेत कात्र्या थोड्या, काहींच्या कितीतरी पट जास्त, ते जन्मतःच ठरतं. प्रत्येकीने बिनमिठाचं एक बिस्किट तोंडात धरायचं, गिळायचं नाही. लाळेने पिष्टाची साखर केली की ते गोड लागायला लागेल. ज्या क्षणी गोड लागेल त्या क्षणी हात वर. जिचा हात पहिला, तिच्याकडे जास्त कात्र्या.

यातून नेमकं काय सिद्ध होणार हे कुणी विचारलं नाही. त्या सगळ्या त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. सरांनी बिस्किटं वाटली तशा त्या घडीच्या खुर्च्यांवर ओळीने बसल्या, पाठ ताठ, हात मांडीवर. आर्लिसही बसली. सर म्हणाले, "सुरू."

त्या तळघरात एवढी शांतता याआधी कधी झाली नव्हती. वरती प्रार्थनेच्या वेळीसुद्धा खाली कुणीतरी कपबश्या लावत असायचं. आता दहा बायका तोंड मिटून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. कायल पाणी झालेल्या ग्रेव्हीच्या भांड्याशेजारी उभा होता. मध्ये पास्टरबाई काहीतरी विचारायला आल्या, एवढ्या जणी मूकपणे बसलेल्या पाहून त्यांनी दारातच डोकं लववलं, ‘आमेन’ म्हणून त्या निघून गेल्या.

हात वर गेला नाही. एकही नाही. एकेकीचा गळा हलला, बिस्किट खाली गेलं, तरी हात मांडीवरच.

"कुणालाच गोड लागलं नाही?" सरांनी विचारलं.

जराशा चुळबुळीनंतर लव्हॉन नावाची ठेंगणी बाई म्हणाली, "मला लागलं होतं थोडंसं. पण म्हटलं मार्डेलचं आधी असेल."

"मी आर्लिससाठी थांबले होते," मार्डेल म्हणाली.

"मला वाटलं लव्हॉनला आवडणार नाही मी आधी केला तर," तिसरी म्हणाली.

आर्लिसने ओठावरचा कण रुमालाने टिपला आणि रुमालाची घडी घातली.

सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "उभा जन्म मी या गावात शिकवलं," ते भिंतीला म्हणाले. "एका पोराने कधी पहिला हात वर केला नाही. मला वाटायचं त्यांना उत्तरं येत नाहीत."

यावर सगळं मिटलंही असतं. पण लव्हॉनचा चेहरा हळूहळू रडवेला होत गेला. ती म्हणाली, आता सांगूनच टाकते, ते तिचंच असणार, तिचे दात नवीन आहेत आणि तेव्हापासून तोंडाला फार पाणी सुटतं. लगेच शेजारणीने तिचा हात धरला आणि म्हणाली, छे गं, तू कशाला, माझंच असेल. तिसरी म्हणाली, दोघी गप्प बसा, माझंच आहे. एका क्षणापूर्वी गुन्हेगार नव्हता आणि आता ओळीने दहा झाले होते, आणि प्रत्येकीला दुसरीला त्रास नको होता.

कायलला ते बघवेना.

"सगळ्यांचंच आहे," तो म्हणाला. "चमचा एकच होता. हा. मीच दिला, मीच आग्रह केला. तीन-तीनदा विचारलं."

आर्लिसने त्याच्या हातातल्या लाकडी चमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"असं," ती म्हणाली.

एवढंच. कायलला त्यापेक्षा तिने डाव फेकून मारला असता तर बरं वाटलं असतं. त्याला पूर्ण उन्हाळा दिसला, तो प्लास्टरचा हात, ते रविवार. दारामागे खुंटीला एकच नारिंगी जाकीट उरलं होतं, त्याच्या मापाचं.

"उकळ ती," आर्लिस शेवटी म्हणाली. "खळखळून."

सरांनी दुजोरा दिला. उकळली की कात्र्याही मेल्या आणि बाकी जे काही असेल तेही मेलं, अन्न म्हणून तिला नाव ठेवायला जागा नाही. मग घट्टही करता येईल, यावेळी टिकेल. कायल म्हणाला की कॉर्नफ्लोअर संपलं. चारही डबे त्याने त्या भांड्याला खाऊ घातले होते. मैदा सकाळीच लेफ्सात गेला होता.

मार्डेल खाकरली. तिच्या गाडीत पावडरचे काही डबे होते, म्हणाली. असेच. बरेच दिवस पडून होते. डब्यांवर कालच्या तारखेची दुकानाची पावती चिकटलेली होती, पण ती कुणी वाचली नाही.

सगळ्यांनी आर्लिसकडे बघितलं. तिने पदार्थ वाढायच्या खिडकीतून बाहेर नजर टाकली. लोक जमायला लागले होते. वेळेवर येणं म्हणजे उशीर, असं मानणारी माणसं.

"आण," ती म्हणाली.

मार्डेलला जिंकल्याचा आनंद झाला असावा, पण तो दिसला नाही. ती तशी वाईट बाई नव्हती. तिने पाणी ठेवलं. तेवढ्यात वृद्धाश्रमाची बस आली. ती नेहमीच सगळ्यांच्या आधी यायची, कारण त्या माणसांना झोपायची घाई असायची. पहिल्या टेबलावर चाकांच्या खुर्च्या लागल्या, काठ्या टेकल्या गेल्या, आणि जेवणघरातून निरोप आला की मीटबॉल आणि बटाटा वाढलाय, ग्रेव्ही कुठाय. मार्डेलचं पाणी अजून उकळलं नव्हतं. कायलची पातळ ग्रेव्ही तेवढी खळखळत होती.

"हीच दे," आर्लिस म्हणाली. "त्यांना दात नाहीत. रागावणार नाहीत ते."

कायलने तांब्यासारख्या मोठ्या जगमध्ये ग्रेव्ही भरली आणि स्वतः नेली. दुसऱ्या कुणाला न्यायला लावणं त्याला पटेना. पहिल्या खुर्चीवर क्लॅरेन्स रिंगडाल बसला होता, नव्वदी कधीच ओलांडलेला, जो गेली काही वर्षं फक्त सोयाबीनच्या भावावर बोलत असे. कायलने त्याच्या बटाट्यावर ग्रेव्ही ओतली. ती थांबली नाही. बटाट्याच्या ढिगावरून घरंगळत ताटभर पसरली आणि मीटबॉलांना वेढा घालून बसली. कायलने माफी मागितली. क्लॅरेन्सने एक घास घेतला.

तो चावायचा थांबला. त्याने चमचा खाली ठेवला. मग तो पुन्हा उचलला, नुसती ग्रेव्ही घेतली आणि डोळे मिटले.

"कोण आहे रे आत?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"स्वयंपाकघरात. हुल्डा तर गेली ना?"

कायलने होय म्हटलं, बरीच वर्षं झाली. पण तोवर शेजारच्या म्हातारीनेही घास घेतला होता, आणि तिच्या शेजारच्याने. ती म्हणाली, हीच ती, अशी पातळ आणि शेवटी जिभेवर किंचित गोड. शेजारचा म्हणाला, गोड नव्हती गं. म्हातारी म्हणाली, होती, तू तेव्हा तंबाखू खायचास, तुला काय कळणार. टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी ताट पुढे केलं. कुणी दोनदा नको म्हटलं नाही. पहिल्याच विचारण्याला सगळ्यांनी ताटं पुढे केली, आणि हॅल्व्हरमध्ये हे कायल पहिल्यांदाच बघत होता.

बातमी जेवणघरात फिरायला वेळ लागला नाही. मार्डेलची ग्रेव्ही झाली तेव्हा ती दाट होती, चकचकीत होती, तिच्यात डाव नुसता उभा राहत नव्हता, हलायलाही तयार नव्हता. लोकांनी ती विनयाने थोडी थोडी घेतली, म्हणाले, "वेगळीच आहे," आणि मग विचारलं की ती दुसरी शिल्लक आहे का.

कायल रिकामा जग घेऊन आत आला तेव्हा आर्लिस खिडकीपाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या टेबलावरून कुणीतरी मोठ्याने विचारलं होतं, "आर्लिस, इतकी वर्षं कुठे लपवून ठेवली होतीस?"

"आईचा एक लाकडी चमचा होता," ती म्हणाली. कायलशी नाही, खिडकीशी. "ॲप्रनच्या नाडीला बांधलेला असायचा. दिवसभर चाखायची, त्यानेच ढवळायची. मी वर्गातून शिकून आले आणि तिला म्हटलं, आई, शी. ती म्हणाली, बरं. मी समोर असले की स्वच्छ चमचा घ्यायची."

"आर्लिस, म्हणजे मग..."

"काही म्हणू नकोस."

कायलने जग पुन्हा भरला. मागून त्याला ऐकू आलं की आर्लिस टोरगर्सन सरांना हळू आवाजात काहीतरी विचारतेय. त्या कात्र्या, त्या जास्त असणं, ते आईकडून मुलीकडे येतं का. सर म्हणाले, येतं, बहुतेक वेळा येतं. मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी विचारलं, "आर्लिस, तुझं बिस्किट कधी गोड लागलं होतं?"

आर्लिसने इकडेतिकडे बघितलं.

"तुम्ही ‘सुरू’ म्हणायच्या आधी," ती म्हणाली.

समितीने त्यानंतर पावडरचा विषय काढला नाही. मार्डेलने उरलेले डबे गाडीत परत नेऊन ठेवले, आणि ते अजूनही, तिच्याच शब्दांत, असेच पडून आहेत.

पुढच्या ऑक्टोबरात ग्रेव्ही पुन्हा कायलनेच केली. आर्लिसचं मनगट बरं झालं होतं, पण ती म्हणाली, आता तुझंच काम ते. बरणी जागेवर होती, चमचे पूर्ण होते, बरणीवरची चिठ्ठीसुद्धा नव्याने, मोठ्या अक्षरात लिहिलेली होती. ग्रेव्ही उत्तम दाटली. डाव ताठ उभा राहिला. ग्रेव्ही कोमट होत आली तशी आर्लिस आत आली, भांड्यात डोकावली आणि म्हणाली की बाहेर गाड्यांचा फार गोंधळ चाललाय, माणसं कमी पडतायत, तू जरा जाऊन बघतोस का.

कायलने बाहेरच्या बाजूच्या उंच खिडकीतून पाहिलं. पार्किंगमध्ये एकच गाडी होती. ती आर्लिसचीच होती.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"मी हाक मारते."

तिच्या ॲप्रनच्या नाडीला काहीतरी लाकडी लटकत होतं. कायलने तिकडे बघायचं टाळलं. खुंटीवरचं आपल्या मापाचं नारिंगी जाकीट घातलं, टोपी कानांवर ओढली, आणि हॅल्व्हरच्या बाकी सगळ्या पुरुषांसारखा बाहेर थंडीत जाऊन उभा राहिला. टोरगर्सन सर तिथे होतेच. त्यांनी सरकून वाऱ्याच्या आडोशाची जागा त्याला दिली. कायल म्हणाला, नको सर, तुम्हीच थांबा तिथे. सर म्हणाले, ये रे. कायल म्हणाला, खरंच नको. सर तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तो आडोशाला गेला.

बऱ्याच वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक आली. कायल आत गेला, भांड्यातला आडवा पडलेला डाव त्याने उचलला, आणि कुणालाही काही न विचारता ग्रेव्ही उकळायला ठेवली.